नावं संपेपर्यंत

परवा दुपारी जेवणं उरकून, ओटा पुसून मी सिनेमा लावला. बरा होता. नायक शेवटी आपल्या गावच्या स्टेशनवर उतरतो, घ्यायला कुणी आलेलं नसतं, पडदा काळा होतो आणि नावं सुरू होतात. तेवढ्यात ती नावं आक्रसून कोपऱ्यात काडेपेटीएवढी झाली आणि उरलेल्या पडद्यावर दुसराच कुठला तरी सिनेमा पाच, चार, तीन करत अंगावर यायला लागला. रिमोट सोफ्याच्या फटीत. तो उकरून काढेपर्यंत एक बाई किंचाळत जिना उतरत होती.

मला नावं वाचायची असतात. आमच्याकडे याची थट्टा होते. "ओळखीचं कुणी आहे का बघतेय," असं हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. मल्टिप्लेक्समध्ये तर दिवे लागलेले असतात, दाराशी दोन मुलं झाडू आणि काळी पिशवी घेऊन उभी असतात आणि मी एकटीच बसलेली. त्यांनाही पुढच्या खेळाआधी झाडायचं असतं, हे मला कळतं. तरी बसते. मराठी सिनेमाच्या शेवटी तर ऋणनिर्देश म्हणून जे येतं, त्याच्यासाठी मी तिकिटाचे निम्मे पैसे देईन. समस्त ग्रामस्थ, अमुक बुद्रुक. वाडा कुणी दिला, टेम्पो कुणाचा, युनिटला जेवण कुठल्या वहिनींनी घातलं. एकदा बैलजोडीची नावं मालकाच्या नावाच्या आधी होती. सिनेमा विसरले, बैल लक्षात आहेत.

जन्म बँकेत गेला त्याचा हा परिणाम, असं मी लोकांना सांगते. आमच्या वेळी दिवसाची टॅली जुळल्याशिवाय कुणी पर्स उचलायची नाही. पंधरा पैशांच्या फरकासाठी सगळी शाखा सात-सात वाजेपर्यंत व्हाउचरं चाळत बसायची. पण हे सांगण्यापुरतं. खरं कारण अण्णा, माझे वडील.

अण्णांना सिनेमाचं वेड होतं आणि सिनेमाच्या शेवटाचं वावडं. आम्ही जायचो प्रभातला, सहाच्या खेळाला. (पुढे त्याचं किबे लक्ष्मी झालं, आमच्या पिढीच्या तोंडात अजून प्रभातच आहे.) मी कॅरियरवर, धाकटा भाऊ पुढच्या दांड्यावर. स्टँडवाला पत्र्याचा एक बिल्ला हँडलला अडकवायचा आणि त्याच नंबरचा दुसरा अण्णांच्या हातात द्यायचा. त्या वेळच्या पुण्यात थिएटर सुटलं की आधी सायकलींचा पूर यायचा. स्टँडवर एकमेकींत अडकलेली हँडलं, बिल्ले उंच धरून ओरडणारी माणसं, कुणाचं तरी पेडल कुणाच्या तरी स्पोकात. अण्णांना त्या गर्दीचा मनस्वी तिटकारा. म्हणून ते सिनेमा संपायच्या दहा मिनिटं आधी उठायचे. कधी उठणार, ते आम्हाला आवाजावरून कळायचं. पँटला लावायच्या सायकलच्या क्लिपा त्यांच्या खिशात असत. पडद्यावर नायिकेचा बाप विरघळायला लागला की अंधारात त्या क्लिपा किणकिणायच्या. अण्णा वाकून आधी उजवा पाय, मग डावा पाय आवळून घ्यायचे. झालं. भावाला बखोटीला धरून ते निघायचे आणि मी पडद्याकडे तोंड करून उलट्या पावलांनी, लोकांच्या पायांवर पाय देत दारापर्यंत.

"अहो अण्णा, पण पुढे काय होतं?"

"काय व्हायचंय? लग्न होतं."

गंमत म्हणजे या घाईचा उपयोग शून्य. तेव्हा खेळ संपल्यावर राष्ट्रगीत लागायचं. आम्ही सायकल काढून रस्त्याला लागतो न लागतो तोच आतून त्याचे सूर यायचे. की अण्णा एका हातात हँडल धरून, क्लिपा लावलेल्या पायांनी सावधान उभे. आम्हीही. तोवर सगळं थिएटर बाहेर पडून आम्हाला गाठायचंच.

शेवट मला दुसऱ्या दिवशी बाकावरची मैत्रीण सांगायची. तिचे वडील शेवटपर्यंत बसणाऱ्यांतले. पुढे टीव्ही आला, तेच सिनेमे रविवारी लागायला लागले, तेव्हा कळलं की ती निम्मे शेवट मनचेच सांगत होती. तिच्या शेवटांमध्ये खलनायक सुधारायचा, आंधळी आई डोळसपणे घर सोडून जायची. प्रत्यक्षात, अण्णा म्हणायचे तसं, नुसतं लग्न होतं.

असे हे अण्णा एका गोष्टीवरून मात्र जन्मभर पेटून उठायचे, ती म्हणजे काठेवाडचा संघ. डिसेंबर १९४८, पूना क्लबचं मैदान, रणजी सामना. महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर ४४३ वर नाबाद. ब्रॅडमनचा १९३० मधला विक्रम ४५२ चा, म्हणजे नऊ धावा बाकी. महाराष्ट्राच्या झाल्या होत्या चार बाद ८२६. काठेवाडच्या कर्णधाराला, म्हणजे राजकोटच्या ठाकोरसाहेबांना, ही शोभा पुरे वाटली. ते म्हणाले, डाव घोषित करा, नाहीतर आम्ही चाललो. आणि गेले! सामना सोडून संघ घरी. निंबाळकर तिथेच राहिले, ४४३ वर, कायमचे. पुढे अधिकृत कसोटीही कधी त्यांच्या वाट्याला आली नाही. "नऊ धावा! दोन षटकांचं काम!" हे अण्णांचं भरतवाक्य. आपण त्या दिवशी मैदानावर होतो, असं ते सांगत. आईचं म्हणणं, तेव्हा ते साताऱ्याला मामांकडे शिकायला होते. त्या वयाचे सगळेच पुणेकर मैदानावर होते, त्यामुळे हा वाद आम्ही कधी तडीला नेला नाही.

आता बेसबॉल. माझ्या वयाच्या बाईनं बेसबॉलवर बोलावं हे कर्वेनगरात जरा जास्त होतं, पण लेक बॉस्टनला असल्यावर काय करणार! तिथल्या उन्हाळ्यात नातवानं मला फेनवे पार्कला नेलं. मैदान १९१२ चं. डावीकडे सदतीस फुटी हिरवी भिंत आणि तिच्या पोटात बसून माणसं अजून हातानं धावफलकाच्या पाट्या बदलतात, हे बघूनच मी त्या खेळाची झाले. नियम नातवानं शिकवले. "आजी, तो आउट झाला म्हणजे वाईट खेळतो असं नाही. दहात तीन वेळा हिट मारली तरी भारी असतो." दहात सात वेळा फसणारा माणूस तिथे नावाजलेला! आमच्या ऑडिटला हे चाललं नसतं.

नऊपैकी सातवी इनिंग झाली आणि आजूबाजूची माणसं उठायला लागली. मी विचारलं, "काय झालं?" जावई म्हणाले, "काही नाही आई, पार्किंगमधनं लवकर निघायला." त्यांच्या पँटला क्लिपा तेवढ्या नव्हत्या.

उजवीकडच्या हिरव्या खुर्च्यांत एकच लाल खुर्ची दिसली. बॉस्टनच्याच टेड विल्यम्सनं १९४६ मध्ये मारलेला ५०२ फुटांचा होमरन तिथे पडला होता. म्हटलं, हा कोण? तेव्हा जावयांनी जे सांगितलं, ते मी इकडे आल्यावर नीट वाचून घेतलं. १९४१ चा मोसम, शेवटचा दिवस, फिलाडेल्फियात लागोपाठ दोन सामने. विल्यम्सची सरासरी .३९९५५, म्हणजे कागदोपत्री .४०० (दहात चार हिट, बोलताना 'चारशे') धरली जाणार. मॅनेजर म्हणाले, हवं तर आज बसून राहा, चारशे तुझे झाले. हा म्हणाला, खेळणार. दोन्ही सामने खेळला, आठांत सहा हिट मारल्या आणि .४०६ वर मोसम संपवला. त्यानंतर आजवर अमेरिकन किंवा नॅशनल लीगमध्ये कुणाला चारशे गाठता आलेले नाहीत. मला अण्णांची फार आठवण झाली. एकाला बसल्या जागी चारशे मिळत होते आणि तो उठून खेळला; दुसरा खेळायला उभा होता आणि समोरचेच उठून गेले. हे अण्णांना सांगायला हवं होतं. काठेवाडला आणखी दोन शिव्या बसल्या असत्या.

या खेळात तिकडे अनिर्णित नावाचा प्रकार जवळजवळ नाहीच, हे मला विशेष आवडतं. २०१८ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे त्यांच्या अंतिम मालिकेत, एक सामना अठरा इनिंग चालला, सात तास वीस मिनिटं, आणि बॉस्टन हरलं. हरू दे, निकाल तर लागला. पण २०२० पासून त्यांनी जादा इनिंगमध्ये दुसऱ्या बेसवर फुकटचा एक धावपटू उभा करायला सुरुवात केली आहे, सामना लवकर आटपावा म्हणून. साखळी सामन्यांतच, पण तरी. हा शुद्ध चावटपणा आहे. ज्यांना घरी जायचंय त्यांनी जावं.

राजकारणावर मी घरात बोलायचं नाही असा अलिखित ठराव आहे, म्हणून इथे बोलते. कुठल्या पक्षाचं असावं यावर माझं म्हणणं नाही. आपल्या राज्यात १९६० पासून २०१९ पर्यंत सलग पाच वर्षांची मुदत पुरी करणारे मुख्यमंत्री निघाले दोन, वसंतराव नाईक आणि देवेंद्र फडणवीस. आणि त्याच २०१९ च्या नोव्हेंबरात एका सकाळी हातातल्या पेपरात होणारे मुख्यमंत्री वेगळे आणि समोर टीव्हीवर शपथ घेऊन झालेले वेगळे! ते सरकार ऐंशी तास टिकलं. पुढच्या तीन-चार वर्षांत दोन पक्षांचे चार झाले. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यात एक तृतीयांश आमदारांनी फूट पाडली तर चालत होतं. २००३ मध्ये ती पळवाट बुजवली, आता दोन तृतीयांशांचं विलीनीकरण लागतं. म्हणजे एकट्यानं जाऊ नका, मोठ्या संख्येनं उपस्थित राहा. पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे जवळजवळ चार वर्षं नगरसेवकच नव्हते, नुसते प्रशासक. इतकं लांब मध्यंतर मी कुठल्या थिएटरात पाहिलेलं नाही.

आणि अण्णा? १९७७ च्या मार्चमध्ये मतमोजणीच्या रात्री त्यांनी मला सायकलवर घालून पेपरांच्या कचेऱ्यांपुढे नेलं होतं. बाहेर फळे लावलेले, एक माणूस शिडीवर चढून खडूनं आकडे पुसायचा आणि नवे लिहायचा. खाली ही गर्दी. पुण्यातून मोहन धारिया निवडून आले. मला झोप अनावर झालेली, दुसऱ्या दिवशी शाळा. मी म्हटलं, "अण्णा, चला ना, आता काय व्हायचंय?" ते म्हणाले, "रायबरेली व्हायचीय." म्हणजे इंदिराबाईंचा निकाल. रात्री फार उशिरापर्यंत आम्ही तिथे उभे होतो. स्टँडवरची गर्दी ज्यांना सोसत नव्हती, तेच अण्णा त्या गर्दीत खेटून, टाचा उंच करून फळा वाचत होते. त्या रात्री क्लिपा खिशातच राहिल्या.

चंद्रयान उतरलं, २३ ऑगस्ट २०२३, संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटं, तेव्हा आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये पडदा लावला होता. २०१९ ला शेवटचे दोन किलोमीटर राहिले असताना विक्रमशी संपर्क तुटला होता, त्यामुळे सगळ्यांचा जीव टांगणीला. उतरलं. टाळ्या, भारतमाता की जय, समोसे, आणि दहा मिनिटांत हॉल रिकामा. अहो, रोव्हर अजून आतच आहे! धूळ बसायची, मग उतार उघडायचा, मग ते बाहेर येणार. ते आलं कित्येक तासांनी. मी कुठवर जागी होते ते विचारू नका. ह्यांनी विचारलं होतं.

ह्यांचा सगळा जीव नासाच्या व्हॉयेजर-१ वर. १९७७ लाच सोडलेलं ते यान, गुरू-शनी बघून पुढे गेलं ते जातंच आहे. २०२३ च्या नोव्हेंबरपासून ते निरर्थक काहीबाही पाठवायला लागलं. इथून एक आज्ञा पोचायला साडेबावीस तास, उत्तर यायला तेवढेच. अशा दोन-दोन दिवसांच्या संवादातून त्या लोकांनी कुठली चिप बिघडली ते शोधलं, तिच्यातला मजकूर इकडे तिकडे हलवला आणि पाच महिन्यांनी यान पुन्हा शुद्धीवर आणलं. आता त्याची वीज दर वर्षी चार वॅटनं कमी होते, म्हणून एकेक उपकरण बंद करत चालले आहेत. ह्यांचं म्हणणं, शेवटचं उपकरण बंद करायच्या आधी सगळं नीट समारंभानं संपवावं, काय काय मिळालं ते जाहीर करावं आणि मोकळं व्हावं. माझं म्हणणं, कशाला? जाऊ दे की ते जाईल तिकडे. बंद पडल्यावरही जातच राहणार आहे.

"आणि म्हणे तुला शेवट बघितल्याशिवाय उठवत नाही," हे म्हणाले.

मी म्हटलं, ते वेगळं. वेगळं कसं, ते समजावत बसायला वेळ नव्हता. गिरणी साडेसातला बंद होते आणि ज्वारीचं दळण आणायचं होतं.