नापास होण्यासाठी अर्ज

जून हा आमच्या कार्यालयातला सगळ्यात गर्दीचा महिना. नव्या मुलांचे अर्ज येत असतात, जुन्यांच्या व्हिसाच्या मुदती संपत आलेल्या असतात, आणि घरमालकांना अकरा महिन्यांचे करार नेमके याच वेळी मोडायचे असतात. पुण्यातल्या एका महाविद्यालयात मी परदेशी विद्यार्थ्यांचा कक्ष सांभाळते. २०२३ च्या जूनमध्ये एम.एससी. कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या सत्रातली एक अफगाण मुलगी आली, दार लावू का म्हणून विचारलं आणि माझ्यापुढे एक अर्ज ठेवला. इंटर्नशिपचं प्रमाणपत्र मी जमा करणार नाही, प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेला गैरहजर राहीन, तरी मला नापास धरावं आणि पुढच्या सत्रात पुन्हा बसू द्यावं. खाली सही, तारीख, पीआरएन, म्हणजे विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक.

ही वर्गातली पहिल्या पाचांतली मुलगी. इंटर्नशिप पूर्ण झालेली, कंपनीचं प्रमाणपत्र तिच्या पिशवीतच होतं. मी मागितल्यावर तिने ते दाखवलंही.

कारण विचारायची फारशी गरज नव्हती. ती २०१८ मध्ये बी.एससी.साठी आली. २०२० च्या टाळेबंदीत तिच्याबरोबरच्या काही मुली काबूलला परतल्या. हिच्याकडे तिकिटाचे पैसे नव्हते म्हणून ही कोंढव्यातल्या खोलीवर राहिली. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान काबूलमध्ये आले आणि त्याच महिन्यात भारताने देशाबाहेर असलेल्या अफगाणांचे आधीचे सगळे व्हिसा रद्द केले. परत गेलेल्या मुलींच्या फायली आमच्या कपाटात अजून अर्धवट आहेत. पुढे २० डिसेंबर २०२२ ला तिकडे मुलींना विद्यापीठं बंद झाली. तिचा व्हिसा ३१ जुलैपर्यंत होता.

ती हिंदीत बोलते, मालिका बघून शिकलेल्या स्वच्छ हिंदीत. म्हणाली, "मॅम, फेल झाले तर मी स्टुडंट आहे. पास झाले तर मी कोण?"

आमचं काम बाहेरच्यांना साधारण जाहिरातींवरून माहीत असतं: झेंडे, वेगवेगळ्या देशांचे पोशाख, फूड फेस्टिव्हल. आपल्या देशात २०२१-२२ मध्ये परदेशी विद्यार्थी साधारण ४७ हजार होते. नेपाळ पहिला, अफगाणिस्तान दुसरा. २०१८ मध्ये 'स्टडी इन इंडिया' ही सरकारी मोहीम सुरू झाल्यापासून आकडा वाढवा, आकडा वाढवा असं सगळीकडून ऐकू येतं. मीही ढाक्याला आणि नैरोबीला शैक्षणिक मेळाव्यांत टेबल मांडून बसले आहे. तिथे प्रवेश किती झाले ते मोजतात. मूल उतरलं, की संस्थेचं काम झालं. अभ्यासक्रम संपतो त्या दिवसाची जबाबदारी कुणाकडेच नसते, आणि याबद्दल मला वरच्यांचा खरोखर राग आहे. शं. ब. मुजुमदारांनी १९७१ मध्ये सिंबायोसिस काढलं ते वसतिगृहातल्या एका आजारी मॉरिशियन मुलाचे हाल बघून. ही गोष्ट या शहरात प्रत्येक सत्कारात सांगितली जाते. त्या मुलाला काविळीत जेवण कोण देतंय, इथून ती सुरू होते, प्रवेशाच्या आकड्यापासून नाही.

माझा दिवस जातो तो कागदात, आणि या कागदांचा मला अभिमान आहे. अफगाण मुलांचंच बघा. जुन्या कागदी तझकिऱ्यावर, म्हणजे अफगाण ओळखपत्रावर, बहुतेक वेळा जन्मतारीख नसतेच, 'अमुक सालात वय इतकं' एवढंच. साल सौर हिजरी. त्यात ६२१ मिळवायचे, पण वर्ष नवरोजला, म्हणजे २१ मार्चच्या सुमारास बदलतं, त्यामुळे जानेवारी ते मार्चमधल्या जन्माला ६२२. पासपोर्टवर मग अनेकदा १ जानेवारी छापलेली असते, आणि शाळेच्या दाखल्यावर तिसरंच काही. आडनाव कित्येकांना नसतंच. पासपोर्ट काढताना कुणी वडिलांचं नाव लावतं, कुणी टोळीचं. आम्ही देतो त्या बोनाफाइडवर एक अक्षर जरी पासपोर्टपेक्षा वेगळं पडलं, तरी ई-एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या, पोर्टलवरून अर्ज परत येतो. म्हणून मी प्रवेशाच्या दिवशीच पासपोर्ट, तझकिरा आणि गुणपत्रक तिन्ही शेजारी ठेवून एकच नाव ठरवते आणि विद्यार्थ्याची सही घेते. त्यावर, तेव्हाच्या नावांनी, आमचा फॉर्म एस (विद्यार्थ्याची संस्थेने द्यायची माहिती), घरमालकाचा फॉर्म सी, नोंदणीकृत भाडेकरार. फॉर्म सी म्हटलं की घरमालक पोलिसांचं नाव काढून फोन ठेवतो. परदेशी भाडेकरूची माहिती चोवीस तासांत ऑनलाइन भरायची, एवढंच आहे ते. पण पुण्यात दोन-तीन फ्लॅट भाड्याने देणाऱ्या सुशिक्षित माणसांनाही मला ते दर वर्षी नव्याने समजावावं लागतं.

हे सगळं माहीत असल्यामुळेच तिचा अर्ज वाचताना मला दिसलं ते तिला दिसत नव्हतं. बॅकलॉग असलेल्या विद्यार्थ्याला हजेरी नसते. हजेरी नसली की 'नियमित विद्यार्थी' असं बोनाफाइड देता येत नाही, फक्त 'परीक्षा बाकी' एवढंच लिहिता येतं. त्यावर मुदतवाढ मिळाली तरी परीक्षेपुरती. आणि गुणपत्रिकेवर बसलेला 'अनुपस्थित' हा शेरा उद्या जर्मनीत, कॅनडात, जिथे ती अर्ज करेल तिथे तिच्याबरोबर जाईल. एका सत्राच्या मुदतीसाठी ती पाच वर्षांचं उजळ रेकॉर्ड देऊन टाकत होती.

मी परीक्षा विभागात गेले. तिथले मोठे क्लार्क म्हणाले, "गैरहजर राहिली तर आपोआप नापास, त्याला अर्ज कशाला?" नियमाने बरोबर. तिच्या विभागप्रमुखांना तिचा रागच आला. एवढ्या हुशार मुलीने असं करणं त्यांना विषयाचा अपमान वाटला. उपप्राचार्य म्हणाले, सरकार अफगाणांना सक्तीने परत पाठवत नाही, उगाच घाबरवू नका. तेही खोटं नव्हतं. पण विमानात न बसवणं आणि राहू देणं यात फरक आहे. विद्यार्थी व्हिसावर नोकरी करता येत नाही. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. यूएनएचसीआरचं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेचं, कार्ड हवं तर दिल्ली गाठायची, आणि त्या कार्डावर कोंढव्यात कोण खोली देणार? संध्याकाळपर्यंत तिची बाजू ऐकून घेतली ती फक्त ग्रंथालयातल्या बाईंनी. त्यांनी तिला रोज शेवटपर्यंत वाचत बसलेलं पाहिलं होतं.

मी तिला सांगितलं, परीक्षा दे. पास हो. पुढचा प्रवेश आपण आताच बघू, निकालाची वाट बघायची नाही.

आमच्याकडे कला शाखा आहे. एम.ए. अर्थशास्त्राला कोणताही पदवीधर चालतो आणि शुल्क विज्ञानापेक्षा कमी आहे, जरी परदेशी विद्यार्थ्याला ते कित्येक पट पडतं. तेच मोठं संकट होतं. तिचे वडील हेरातहून हवाल्याने थोडे थोडे पैसे पाठवायचे. २०२१ नंतर तिथल्या बँका अडकल्या, मध्यवर्ती बँकेची परदेशातली गंगाजळी गोठवली गेली, आणि घरातले पगारही थांबले. प्राचार्यांनी चार हप्ते मंजूर केले. त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे, पण ते करायला त्यांना तीन आठवडे लागले आणि तोपर्यंत तिची झोप उडाली होती, हेही लिहिलं पाहिजे.

अपेक्षेप्रमाणे परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाची शंका आली: एक पदव्युत्तर पदवी झाल्यावर दुसरी कशासाठी? अशा पत्रांत बहुतेक संस्था 'विद्यार्थिनीच्या इच्छेनुसार' लिहून मोकळ्या होतात आणि मग अर्ज लोंबकळतो. मी तिचा प्रोजेक्ट मागवून वाचला. धान्याच्या बाजारभावांच्या अंदाजाचा होता. त्याच धाग्यावर पत्र लिहिलं, अर्थशास्त्राच्या विभागप्रमुखांची सही घेतली, अभ्यासक्रमाची प्रत जोडली. अधिकाऱ्यांनी एकदा बोलावलं, नीट ऐकलं, आणि मुदत वाढवून दिली. सरकारी कार्यालयांबद्दल लोक बोलतात तसा माझा अनुभव नाही. नीट लिहिलेला कागद तिथे वाचला जातो.

ती प्रथम श्रेणीत पास झाली. निकालाच्या दिवशी वर्गातल्या मुली पेढे घेऊन आल्या, ती आली नाही. दुसऱ्या दिवशी आली, नव्या प्रवेशाची पावती घ्यायला.

मी तिला पास व्हायला लावलं, पण त्याने तिची अडचण सुटली नाही, दोन वर्षांनी पुढे गेली. मी या कामात आले तेव्हा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकून आले होते. वाटायचं, पोरांना जगात ये-जा करायला मदत करायची. इथे माझं सगळं कौशल्य एका मुलीला कुठेच न जाऊ देण्यासाठी लागलं. इतकी शिकवून तिला पुन्हा पहिल्या वर्षाच्या बाकावर बसवणं हे शिक्षण म्हणायचं का, हा प्रश्न मला तेव्हा पडला आणि आजही पडतो. दुसरा मार्ग मात्र मला अजून सापडलेला नाही.

आता तिचं अर्थशास्त्राचंही शेवटचं सत्र चालू आहे. या वेळी आम्ही जूनची वाट पाहिली नाही. सहाही वर्षांच्या ट्रान्सक्रिप्टचे सीलबंद लिफाफे, प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम, दोन शिफारसपत्रं, इंग्रजी माध्यमाचा दाखला, सगळं दिवाळीआधीच तयार करून ठेवलं. दोन देशांतल्या विद्यापीठांत तिचे पीएच.डी.साठी अर्ज गेले आहेत. एका ठिकाणाहून मुलाखतीचं पत्र आलं आहे. त्यांना पासपोर्टवरची १ जानेवारी आणि शाळेच्या दाखल्यावरची तारीख यांचा मेळ हवा आहे. त्याचं प्रतिज्ञापत्र सोमवारी नोटरीकडे जाईल.