रुमालाखालची एसयूव्ही

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात आणि सोळाही रस्त्यांवर घासाघीस चालू असते. मेथीची जुडी पंधराची दहाला, वर चार मिरच्या. साडीच्या दुकानात सांगितलेल्या आकड्याच्या निम्म्यापासून सुरुवात. चपला घेताना उठून पार पायरीपर्यंत जायचं आणि मागून हाक आली की सावकाश वळायचं. याची कुणाला लाज वाटत नाही. उलट भाव न करता वस्तू घरी आणली तर रात्री जेवताना ऐकून घ्यावं लागतं.

पण हाच माणूस ४५ लाखांची एसयूव्ही घ्यायला काचेच्या शोरूममध्ये शिरला की त्याची वाचा बसते. एसीचा गारवा, आरशासारखी फरशी, टाय लावलेलं पोरगं आणि पहिलाच प्रश्न, "सर, कॉफी घेणार की ग्रीन टी?" झालं. पाच रुपयांसाठी भाजीवालीशी भांडणारा गडी इथं लाखाचा विषय काढत नाही. काढला आणि समोरच्याला वाटलं, की यांच्याकडे पैसे नाहीत, तर? वस्तू जितकी महाग तितकी भाव करायची लाज जास्त, हे आपलं उफराटं गणित कंपन्यांना पुरतं ठाऊक आहे. माझ्या मते मराठवाड्यात सगळ्यात महाग पडणारं पेय म्हणजे शोरूममधली फुकटची कॉफी.

तसं आपल्याकडे ठोक भावात सौदा करणारेही होऊन गेलेत. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज विकल्या गेल्या. साधारण ६५ कोटींचा व्यवहार. देशभरात बातम्या झाल्या आणि सगळ्यांनी मराठवाड्यात इतका पैसा कुठून आला यावर तोंडात बोटं घातली. मला त्यातली दुसरीच गोष्ट भारी वाटते. उद्योजक, डॉक्टर, बिल्डर असे दीडशे जण एकत्र झाले आणि कंपनीशी एकगठ्ठा बोलले, कर्जासाठी बँकेशीही एकगठ्ठाच बोलले. एकेकटे गेले असते तर एकेक कॉफी पिऊन छापील किमतीत गाडी घेऊन आले असते. गावातली चार घरं मिळून लग्नाचा बस्ता बांधायला जातात, त्यातलाच हा प्रकार.

आमच्या दाजींना मात्र एकच गाडी घ्यायची होती. त्यांचा खडी क्रशरचा धंदा, रोज धुळीतून नि खड्ड्यांतून जाणं-येणं, त्यामुळे उंच गाडी हवी हे खरंच. ती इतकी उंच आणि इतकी महाग का हवी, हा प्रश्न ताईने एकदाच विचारला आणि सोडून दिला. गाडीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. सौद्याला दाजींनी मला नेलं, कारण मला कागद वाचता येतो. आणि आप्पांना नेलं, कारण ते ऐकेनात.

आप्पा म्हणजे ताईचे सासरे. उमेदीची वर्षं त्यांनी हाळी-हंडरगुळी, देवणी, माळेगाव अशा जनावरांच्या बाजारांत काढली. देवणी आणि लाल कंधारी बैलांतलं त्यांना जे कळतं ते पशुवैद्यालाही कळत नसेल. त्यांच्या वेळी बाजारात भाव तोंडाने होत नसे. दोघांचे हात एका रुमालाखाली जात आणि बोटं बोलत. एक बोट धरलं की एक, सगळा पंजा धरला की पाच. ते शेकड्यातले की हजारातले, हे त्या दोघांनाच ठाऊक. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी सौदा कितीला तुटला हे कुणाला कळू नये, घेणाऱ्याची अब्रू राहावी आणि विकणाऱ्याला पुढच्या गिऱ्हाइकाला दुसरा भाव सांगता यावा. हत्ता म्हणतात त्याला. बाजार समित्यांत उघड लिलाव आले तसा तो मागे पडला.

दिवस होते २०२५ च्या भाद्रपदातले. ३ सप्टेंबरला जीएसटी कौन्सिलने नवे दर जाहीर केले होते. मोठ्या एसयूव्हींवर तोवर २८ टक्के जीएसटी आणि वर २२ टक्के सेस, असा एकूण ५० टक्के कर होता. तो सरसकट ४० होणार होता, २२ सप्टेंबरपासून. आणि २२ सप्टेंबरला नेमकी घटस्थापना. म्हणजे आधीच पितृपक्ष, त्यात थांबलं तर कर कमी. शोरूममध्ये माशी नव्हती. सेल्सची पोरं नव्या गाड्यांच्या बॉनेटवरची नसलेली धूळ पुसत होती. आप्पा आत येऊन सगळीकडे नजर फिरवून म्हणाले, "बाजार पडलाय. बसू."

मुलाने आकडा मांडला. शोरूम किंमत ४५ लाख, ती २२ तारखेपासून होणार ४२. त्याने ४५ वर काट मारली, शेजारी ४२ लिहिलं, त्याभोवती गोल केला आणि हसून म्हणाला, "सर, डायरेक्ट तीन लाखांचा बेनिफिट!"

दाजी खूश. मी मनातल्या मनात भागाकार करून पाहिला, बरोबर होता. आप्पांनी मात्र चष्मा नाकावर सरकवला.

"हे तीन लाख कुणी सोडले?"

"जीएसटी कमी झाला ना, आजोबा."

"म्हंजे दिल्लीनं सोडले. तू काय सोडूलालास?"

पोरगं गप्प. मग त्याने सावरून, जुन्या स्टॉकवर भरलेला सेस कसा अडकून पडलाय, डीलरला एका गाडीमागे कसं काहीच सुटत नाही, हे सांगितलं. सेसचं खरंही होतं. आप्पांनी मान हलवत सगळं ऐकून घेतलं, मधूनच "हो का", "अरारा" असं म्हणत. नंतर विचारलं, "कुण्या गावचा तू?" अहमदपूरकडचा निघाला. मग आडनाव, मग मामाचं गाव, मग मामाच्या गावच्या एका पाटलाकडे आप्पांनी विकलेली जोडी. पाच मिनिटांत "सर" आणि "आजोबा" गेलं, "आप्पा" सुरू झालं आणि टायची गाठही जरा सैल झाली.

कागद माझ्याकडे आला. जे कुणी भांडतात ते शोरूम किमतीवर, आणि ती जागची फारशी हलत नाही. खरी गंमत तिच्याखालच्या ओळींत. डिझेल गाडी वीस लाखांच्या वरची, म्हणून महाराष्ट्रात रोड टॅक्स १५ टक्के, म्हणजे ६ लाख ३० हजार. तिथे ब्रह्मदेव आला तरी सूट नाही. टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आपल्याकडून आगाऊ घेतलेला प्राप्तिकर, एक टक्का, ४२ हजार. दहा लाखांवरच्या गाडीला तो लागतोच, पण तो आपल्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना वळता करून घेता येतो. शेतीचंच उत्पन्न म्हणून रिटर्नच्या वाटेला न जाणारे आमचे बागायतदार पाहुणे हे पैसे गाडीच्या किमतीतच धरतात आणि विसरून जातात. आता ऐकून तरी कुणी सीएकडे जावं.

त्याखाली इन्शुरन्स. नव्या गाडीला थर्ड पार्टी तीन वर्षांचा घ्यावाच लागतो, स्वतःच्या नुकसानीचा एक वर्षाचा चालतो. पण तो शोरूममधूनच घेतला पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. मी तिथेच बसून ओळखीच्या एजंटाला फोन लावला. तीच आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत), तेच झिरो डेप (घसारा न कापता भरपाई), तेच इंजिन कव्हर सांगून आकडा मागवला. पन्नास-साठ हजारांचा फरक निघाला. फोन स्पीकरवर ठेवला होता, हे सांगायला नको. मुलगा "एक मिनिट, मॅनेजर सरांना विचारून येतो" म्हणून गेला आणि शोरूमचा इन्शुरन्सही त्याच आकड्यावर घेऊन आला. ज्यांना शोरूमच्या किमतीवर बोलायची लाज वाटते, त्यांनी निदान या एका ओळीवर तरी बोलावं. इथे फक्त दोन पॉलिसी शेजारी ठेवायच्या असतात, हुज्जत घालावी लागत नाही.

मग हँडलिंग चार्जेस. "हे कशाचे?" आप्पांनी विचारलं. गोडाऊनवरून गाडी शोरूमला आणायचे, धुवायचे, असं काहीतरी उत्तर आलं. "म्हंजे बैल बाजारात आणायचा खर्च घेणाऱ्यानं द्यायचा?" ती ओळ मुलाने स्वतःच खोडली. ॲक्सेसरीजचा पॅक, टेफ्लॉन कोटिंग, गाडीखाली मारायचं अंडरबॉडी कोटिंग यांतलं दाजींना सगळंच हवं होतं. आप्पांनी त्यांच्याकडे असं बघितलं की मॅट आणि मडफ्लॅप एवढंच राहिलं. एक्स्टेंडेड वॉरंटी मी ठेवायला लावली. या गाड्यांत इतकं इलेक्ट्रॉनिक्स असतं की एक सेन्सर गेला तरी गावाकडचा मेकॅनिक हात जोडतो.

"मॅनेजरला विचारून येतो" हे वाक्य त्या दुपारी किती वेळा झालं याचा हिशेब मी ठेवला नाही. आप्पांना त्याचं अजिबात नवल नव्हतं. बाजारातही दावं धरून उभा असलेला माणूस कधी मालक नसतो. मालक नेहमी झाडाखाली चहा पीत असतो आणि "मालक ऐकत न्हाई" एवढंच आपल्या कानावर येतं.

मग दात बघायचे राहिले होते. बैलाचं वय विकणाऱ्याला विचारायचं नसतं. जबडा उघडून दोन दाती, चार दाती की जुळलेला, ते आपणच बघायचं. "ही कवाची?" आप्पांनी गाडीवर थाप मारत विचारलं. नवीनच आहे की, मुलगा म्हणाला. पण शोरूममध्ये नवी आणि कारखान्यातून नवी यांत बरंच अंतर असतं. आमच्या मराठवाड्यात गाड्यांचे कारखाने आहेत, शेंद्र्याला स्कोडा-ऑडीच्या गाड्या जुळतात, बिडकीनला टोयोटाचा प्रकल्प येऊ घातलाय, तरी गाडीचा महिना विचारायची सवय कुणाला नाही. मी फॉर्म २२, म्हणजे गाडीसोबत येणारं कारखान्याचं प्रमाणपत्र, मागितला. त्यावर बनावटीचा महिना आणि वर्ष असतं. यार्डात उभ्या दोन पांढऱ्या गाड्यांत पाच महिन्यांचा फरक निघाला, किंमत मात्र एकच. जुनी घ्यायची तर वेगळी सूट द्या, नाहीतर नवी द्या. इथे पहिल्यांदा मॅनेजर केबिनमधून स्वतः उठून आले.

चालवून बघण्यावरूनही थोडं झालं. टेस्ट ड्राइव्हसाठी मुलगा गाडी बायपासकडे वळवत होता. तिथल्या काँक्रीटवर बैलगाडीसुद्धा हिंदकळत नाही. आप्पांनी गाडी एका पाणंदीकडे घ्यायला लावली. पावसाने तिची चिखलाची भाकरी झालेली, मधोमध ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या. पोरगं घाबरलं, कारण डेमो गाडी. गाडी निघाली मात्र झोकात, कुठे टेकली नाही की घासली नाही. मागच्या सीटवर मांडी घालून बसलेले आप्पा एवढंच म्हणाले, "चालीला बरीय." सौद्याच्या वेळी यापेक्षा जास्त कौतुक करायचं नसतं.

शेवटचा आकडा मॅनेजरच्या केबिनमध्ये तुटला. आत फक्त आप्पा आणि दाजी. मला बाहेर तिसरी कॉफी. काचेतून दिसत होतं, आप्पांनी खांद्यावरचा टॉवेल काढून मांडीवर घेतला, घाम पुसला, परत खांद्यावर टाकला. मॅनेजर पुढे वाकून हळू आवाजात काहीतरी बोलले. दार उघडलं तेव्हा त्यांचं शेवटचं वाक्य तेवढं कानावर आलं, "फक्त हा रेट बाहेर कुणाला सांगू नका, काका." एसी आहे, संगणक आहे, बारकोड आहे आणि सौदा अजून रुमालाखालीच. छापील किंमत सगळ्यांना एक. प्रत्यक्षात कुणाला कितीला पडली, हे शेजारी-शेजारी एकच गाडी उभी करणाऱ्या दोन डॉक्टरांनाही एकमेकांचं ठाऊक नसतं.

इसार म्हणून दाजींनी फोनवरूनच पैसे पाठवले. डिलिव्हरी दसऱ्याची ठरली, २ ऑक्टोबरची. मधल्या दिवसांत मांजरा, तेरणा, सिंदफणा पात्र सोडून वाहिल्या आणि काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं राहिलं. शोरूमने लाल कापड, केक, हातभर लांब पुठ्ठ्याची किल्ली आणि व्हिडिओवाला असं सगळं तयार ठेवलं होतं. आप्पांनी ते नको म्हणून सांगितलं. गाडी मागच्या दाराने काढली, एक नारळ फोडला आणि घरी आणली. दाजींना स्टेटसला फोटो टाकायचा होता, तो त्यांनी आठ दिवस दाबून ठेवला.

नंबरचं मात्र त्यांनी ऐकलं नाही. पसंतीच्या नंबरची फी सरकारने २०२४ मध्ये चांगलीच वाढवली आहे आणि हँडलिंगमध्ये वाचवलेलं दाजींनी तिथे मुकाट्याने मोजलं. तिथे कोण घासाघीस करणार? पूर्वी निदान पाटीवर ८०५५ चा बॉस तरी करून मिरवता यायचं. आता हाय सिक्युरिटी प्लेटवर सगळे आकडे एका साच्यातले.

गाडी दारात आल्यापासून येणाऱ्या प्रत्येकाचा प्रश्न एकच, कितीला पडली? क्रशरवरच्या भागीदाराला दाजी सांगतात, दीड लाख सोडायला लावले. उसने मागायची शक्यता असलेल्या पाहुण्यांना सांगतात, एक रुपया सोडला नाही, सगळी बँकेची आहे. ताईला काय सांगितलंय ते ताई सांगत नाही. परवा मीच आप्पांना गाठून सरळ विचारलं. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि दोन बोटं वर केली.

"दोन लाख?"

"तुला कुणी सांगितलं लाख म्हणून?" म्हणाले आणि आत चहा सांगायला निघून गेले.