जुन्नरच्या थंडीतले तीन महिने आणि माझा हीटर

मागच्या हिवाळ्यात काका-काकू लेकीच्या बाळंतपणाला दुबईला गेले आणि जुन्नर तालुक्यातलं घर, दोन गायी, पाच-सहा कोंबड्या सांभाळायला कोण तर मी, कारण माझं वर्क फ्रॉम होम आणि घरच्यांच्या मते त्यात काम काहीच नसतं. नोव्हेंबरच्या शेवटी गेलो तो फेब्रुवारीत परत आलो. कोथरूडच्या चौथ्या मजल्यावर वाढल्यामुळे थंडी म्हणजे सकाळचा स्वेटर आणि टपरीवरचा चहा एवढंच डोक्यात होतं.

पहिली चूक इथंच. पेपरात पुण्याचं म्हणून जे तापमान येतं ते शिवाजीनगरचं, म्हणजे आपल्या सिमला ऑफिसच्या वेधशाळेतलं (जानेवारी १९३५ मध्ये तिथंसुद्धा १.७ डिग्री नोंदलं गेलंय, आताच्या पुण्यात खरं वाटत नाही). काकांचं घर ओढ्याच्या कडेला, खोलगट जागेत. आभाळ निरभ्र असलं की रात्री जमीन भराभर गार होते आणि ती गार जड हवा उतारावरून सरकत खाली येऊन साचते, म्हणजे थेट आमच्या अंगणात. मी अंगणात थर्मामीटर टांगला होता, एकदा पहाटे त्यात सहा दिसलं आणि त्याच दिवशी पुण्यात दहा होतं. वर माळावर राहणारे तात्या म्हणायचे, तुमच्याकडं आलो की कान दुखत्यात.

जाताना मी दोन हजार वॅटचा हीटर घेऊन गेलो होतो, ऑनलाइन, सेलमध्ये. पहिल्या रात्री लावला तर ट्यूब फडफडायला लागली, दुसऱ्या रात्री फ्यूज उडाला आणि काळोखात मोबाइलच्या उजेडात वायर शोधत बसलो. मग शहाणपणा सुचला की शेगडी आणू. कोळशाची शेगडी पेटवून खोलीत घेतली, खिडकीच्या फटीत पेपर कोंबले, दार लावलं आणि काय मस्त ऊब आली म्हणून झोपलो. दोनच्या सुमारास जाग आली ती डोकं फुटायला आलं म्हणून, मळमळ, पायात जीव नाही, मला वाटलं रात्रीची मिसळ बाधली. उलटी करायला म्हणून कसाबसा बाहेर आलो आणि ओट्यावर पडून राहिलो, तासाभरानं बरं वाटलं. सकाळी तात्यांना सांगितलं तर ते असे भडकले की विचारू नका. बंद खोलीत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला ना रंग ना वास, रक्तात तो ऑक्सिजनची जागा घेतो आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. त्या रात्री उलटी आली नसती तर हे लिहायला मी नसतो. त्यामुळे कृपा करून शेगडी, घमेल्यातले निखारे, काहीही बंद खोलीत घेऊ नका, अगदी पाच मिनिटं म्हणूनसुद्धा नको. शेकायचं तर अंगणात शेका.

खरा उपाय सांगितला शेजारच्या जिजींनी. त्या आल्या, माझं अंथरूण बघितलं आणि हसायलाच लागल्या. "आरं पोरा, अंगावर चार आन् खाली एक? थंडी खालून येती, उलटं कर की." खाली शहाबादी फरशी आणि मी एका सतरंजीवर, वर दोन ब्लँकेटं, एक रजई आणि एक शाल. त्यांनी तात्यांकडून भाताचा पेंढा आणवला, दोन पोत्यांत भरून ती पोती फरशीवर टाकली, त्यावर सतरंजी, त्यावर जुन्या लुगड्यांची जाडजूड वाकळ, आणि अंगावर एकच घोंगडी. घोंगडी टोचते, पहिले दोन दिवस मान लाल झाली, मग खाली सुती चादर लावली. त्या रात्री दोन महिन्यांची झोप एकदम लागली म्हणा ना. पेंढा मात्र दर आठ दिवसांनी उन्हात टाकायचा, नाहीतर कुबट वास येतो.

तरी पहाटे कपाळावर टप्प करून थेंब पडायचा. पाऊस नाही काही नाही, आणि थेंब! वरती पत्रा. आपला श्वास, चहाची वाफ, सगळं गार पत्र्याला लागून पाणी होतं आणि बरोबर माझ्याच डोक्यावर गळतं. तात्यांनी गावातले वाढदिवसाचे जुने फ्लेक्स आणले आणि पत्र्याखाली चार बोटं जागा सोडून तारेनं ताणून बांधले, मधल्या हवेनं ऊबही राहिली आणि ठिबकणं थांबलं. फक्त आता डोळे उघडले की वरून कुठलेतरी भाऊ हात जोडून शुभेच्छा द्यायचे.

आंघोळीला बंब. करवंट्या, मक्याची रिकामी कणसं, वाळकी चिपाडं, काहीही चालतं, वरून गार पाणी ओतत जायचं नि तोटीतून कढत घेत जायचं. खोबरेल तेलाची बाटली गोठायची म्हणून ती बंबाजवळच ठेवायची, पण अगदी चिकटून नाही, माझी एक बाटली वितळून वाकडी झाली. खाणं म्हणाल तर बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, आणि संध्याकाळी जिजींकडचं हुलग्याचं माडगं, सुंठ आणि गूळ घातलेलं. ते पिऊन कपाळाला घाम येतो.

गायींना गोठ्यात वाऱ्याच्या बाजूनं बारदान लावलं आणि खाली कोरडं अंथरलं, एवढं पुरतं. बाइकवर पहाटे डेअरीला दूध घालायला जाताना जॅकेटच्या आत छातीशी पेपरची घडी घालायची, वर रेनकोट चढवायचा, दिसायला विचित्र पण वारा आत घुसत नाही. रेनकोटची आयडिया तात्यांची, कारण शेतीची लाइट बऱ्याचदा रात्रीच येते आणि गव्हाला पाणी धरायला त्यांना दोन वाजता जावं लागतं, तेही उसाच्या कडेनं, जिथं बिबट्या कधी असेल सांगता येत नाही. ते मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावून जातात. एकदा मी बरोबर गेलो, पुन्हा गेलो नाही.

काकू आली तेव्हा जाताना एक वाकळ मला दिली, ती आता कोथरूडला आहे. हीटर खोक्यासकट पडून आहे, दोनच रात्री वापरलाय, कुणाला पाहिजे असेल तर अर्ध्या किमतीत देतो, फक्त न्यायला तुम्ही या.