फुटेज देऊ, पण पत्र आणा

गौरी-गणपतीला आम्ही चिपळूणला होतो. गौरी जेवल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याहून समोरच्या काकूंचा फोन. "अहो, तुमच्या दाराचा कोयंडा लोंबतोय." कुंभार्ली घाट कसा चढलो ते आठवत नाही.

112 ला फोन काकूंनीच केला होता. पंचनामा, ठसेतज्ज्ञांची कपाटावरची काळी पूड, रिक्षा स्टँडपर्यंत जाऊन घुटमळलेलं कुत्रं, सगळं त्याच दिवशी झालं. भारतीय न्याय संहितेच्या 305 (घरातली चोरी) आणि 331 (घरफोडी) कलमांखाली गुन्हाही रात्रीपर्यंत दाखल झाला. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका.

अडलं ते फुटेजवर. सोसायटीचे आठ कॅमेरे, त्यातला एक बरोबर आमच्या जिन्यासमोर. सेक्रेटरी म्हणाले, "कमिटीचा ठराव आहे, रहिवाशाला थेट फुटेज द्यायचं नाही. पोलिसांचं पत्र आणा." ठाण्यात गेलो, तर तपासाचे साहेब विसर्जनाच्या बंदोबस्तात. "पत्र देऊ की, अनंत चतुर्दशी होऊ द्या." तोवर डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा, थांबणार होता का? हार्ड डिस्क 1 टीबीची, तिच्यात जेमतेम आठवड्याचं चित्रण राहतं आणि मग जुन्यावर नवं चढत जातं. हे मला सेक्रेटरींनी नाही, कॅमेरे बसवणाऱ्या पोराने सांगितलं, तेही चौथ्या दिवशी.

मग मात्र माझं डोकं फिरलं. दोन अर्ज लिहिले, एक ठाण्याला, एक सोसायटीला: अमुक तारखेचं रात्री 1 ते पहाटे 5 चं चित्रण जपून ठेवावं. दोन्हींच्या प्रतींवर पोच घेतली. (हा अर्ज मी पहिल्याच दिवशी द्यायला हवा होता.) कागदावर शिक्का बघितल्यावर सेक्रेटरींचा आवाज जरा खाली आला. सहाव्या दिवशी एका हवालदारांनी बंदोबस्तातून येऊन, जेवणाचा डबा बाजूला सारून पत्र लिहून दिलं. त्या माणसाला मी अजून नमस्कार करतो.

फुटेज निघालं, तर घड्याळ 48 मिनिटं पुढे! चोर 3.13 ला जिना चढताना दिसतो, म्हणजे खरे 2.25. हा फरक पंचनाम्यात लिहून घेतला, नाहीतर पुढे वकिलाला आयतं कोलीत. वर, फुटेज कोर्टात पुरावा म्हणून चालावं यासाठीचं प्रमाणपत्र. 1 जुलै 2024 पासून जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम 65बी च्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63 आलंय. त्यात दोन भाग: एकावर यंत्र ज्याच्या ताब्यात त्याची सही, दुसऱ्यावर तज्ज्ञाची, आणि फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलमध्ये फेरफार झाला तर लगेच कळेल असा तिचा अंक-अक्षरांचा ठसा. सेक्रेटरी पुन्हा अडले. "मी सही करणार नाही. उद्या कोर्टात कोण उभं राहणार?" मी म्हटलं, काका, तुमच्या घरी झालं असतं तर? यावर ते बोलले नाहीत, पण सहीला आणखी दोन दिवस लावलेच.

दागिन्यांच्या पावत्यांचंही राहिलं. आईच्या पाटल्यांची पावती कुठून असणार? लग्नाच्या अल्बममधला फोटो दिला, तो चालला.

आता घरी स्वतःचा कॅमेरा लावलाय. दुकानदार नुसत्या मेमरी कार्डावर भागवा म्हणत होता. पण चोराने कॅमेराच उपटून नेला तर कार्डही त्याच्याबरोबर जाणार, म्हणून क्लाउडचे पैसे भरतो. राउटरला छोटा यूपीएस जोडलाय, कारण आमच्याकडे चोरांनी आधी जिन्याखालचा मेन स्विच पाडला होता. सोसायटीचा डीव्हीआर यूपीएसवर होता म्हणून बचावलो. त्याचं घड्याळ बरोबर करायला सांगून महिना झाला. काल बघितलं, अजून 48 मिनिटं पुढेच आहे.