रजिस्टरचं मागचं पान

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

आज डबे लवकर आटोपले म्हणून लिहायला बसलेय. शनिवारपासून डोक्यात एकच गोष्ट घोळून राहिली आहे आणि ह्यांना सांगायला गेले तर हे म्हणतात तू फार विचार करतेस, झोप आता.

शनिवारी लेकीच्या शाळेत पालक मीटिंग होती. नववीचं वर्ष. सायन्सच्या मॅडमनी रजिस्टर उघडलं, मार्कांवरून बोट फिरवलं आणि मग मार्कांबद्दल काहीच न बोलता म्हणाल्या, "आपकी बेटी क्लास में बोलती ही नहीं. घर पर भी इतनी ही चुप रहती है क्या?" मी बघतच राहिले. गप्प? आमची पोरगी? लहानपणी इंदूरच्या राजवाड्यापासून घरी येईपर्यंत हिचे इतके प्रश्न व्हायचे की रिक्षावाला हात टेकायचा. चंद्र आपल्यासोबत का चालतो, पोह्यांवर टाकलेली शेव थोड्या वेळानं मऊ का पडते, एक ना दोन. सासूबाई म्हणायच्या, हिचं तोंड आणि घराचा नळ, दोन्ही बंद करायला कुणीतरी उठावंच लागतं. आणि मॅडम म्हणतायत बोलतच नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्याकडे एमपीमधे, म्हणजे मध्य प्रदेशात, जिल्ह्याला उत्कृष्ट विद्यालय असतं आणि ब्लॉकला मॉडेल स्कूल, सगळी सरकारी, पण नववीत घुसायला परीक्षा द्यावी लागते, ती भोपाळचं राज्य ओपन बोर्ड घेतं. हिला यातल्याच एका शाळेत नंबर लागला. कुठल्या ते नाही लिहीत, शाळेबद्दल माझी काही तक्रार नाही, उलट त्या मॅडमचे पाय धरावेत असं वाटतंय. मेरिट लिस्ट लागली त्या दिवशी मी राजेंद्र नगरात ओळखीच्या एकूण एक घरी पेढे दिले. डबे नेणाऱ्या पोरांनाही त्या दिवशी डब्यात पेढा. आठ वर्षं गल्लीतल्या हिंदी मीडियमच्या शाळेत पहिला नंबर, कधी दुसरा नाही, त्यामुळे मला वाटलं आता गाडी रुळावर लागली, आपण फक्त डबा करून द्यायचा.

जूनमधे वर्गात जाऊन बसली तर तिथे सगळेच पहिले आलेले. देपालपूरहून आलेला पहिला, सांवेरची पहिली, महूचा पहिला. हे मला कळत होतं, पण कळणं वेगळं आणि तिमाहीची कॉपी, म्हणजे तपासलेला पेपर, हातात पडणं वेगळं. सायन्समधे 75 पैकी 41. मी गॅसपाशी उभी होते, हातात उलथणं, आणि माझ्या तोंडून निघालं, "हे काय करून राहिलीस तू तिथे?" तिनं कॉपी घेतली, घडी घातली आणि आत गेली. रडली असती तर बरं झालं असतं.

तेव्हापासून रोज दुपारी गेटवर ॲक्टिव्हा लावून उभी राहिले की माझा पहिला प्रश्न ठरलेला, आज कुठली कॉपी मिळाली? दुसरा, किती? तिसरा, हायेस्ट किती, कोणाला? तहान लागलीये का हेसुद्धा नंतर. आणि मी एकटी नाही, गेटवर उभ्या सगळ्या आया हेच विचारतात, कोणती कोचिंग, टेस्ट सिरीज लावली का, आत्तापासून फाउंडेशन घेतलं नाही तर अकरावीत खूप जड जातं. मी तर भंवरकुआंला कोचिंगवाल्या पोरांना रोज पस्तीस डबे पाठवते, त्या पोरांच्या खोल्या बघितल्यात, भिंतीवर टाइमटेबल, उशाशी पुस्तकं. पेपरच्या आधी डबे तसेच भरलेले परत येतात. दुसऱ्यांच्या लेकरांचा न खाल्लेला डबा उघडताना माझा जीव कालवतो आणि स्वतःच्या लेकीला मी गेटवरच विचारते किती मिळाले.

मीटिंगहून घरी आल्यावर मी तिला काही बोलले नाही. रविवारी ती आजीबरोबर देवळात गेली होती तेव्हा टेबल आवरताना तिचं सायन्सचं रजिस्टर, म्हणजे मोठी वही, खाली पडलं आणि मागून उघडलं. मी मुद्दाम बघितलं नाही, हे देवाशप्पथ लिहितेय. शेवटून पाच पानं पेन्सिलीनं भरलेली. नुसते प्रश्न. बारीक अक्षर, प्रत्येकापुढे नंबर, आणि भाषा अशी की वाचताना माझ्या घशात काहीतरी अडकलं. अर्धं वाक्य हिंदी, मधे इंग्रजी शब्द, आणि जिथे दोन्हीकडे शब्द सापडला नाही तिथे मराठी.

एक होता, पावसाळ्यात मटक्याचं पाणी उन्हाळ्यासारखं गार का होत नाही, मटका तर तोच आहे. एक होता, लोखंड बुडतं तर जहाज का नाही, आणि त्याच्यापुढे कंसात, हे पुस्तकात आहे पण समजलं नाही. अकरावा प्रश्न मी तीनदा वाचला. आय-बसमधे आपण उभे असलो आणि बस निघाली की आपण मागे जातो, इनर्शिया. मग दसऱ्याला बसमधे त्या बाळाच्या हातात गॅसचा फुगा होता तो पुढे का गेला? त्याला इनर्शिया नाही का?

मला आठवला तो फुगा. मी पण होते त्या बसमधे. मी त्या बाळाचं जावळ बघत होते.

संध्याकाळी तिच्या केसांना तेल लावता लावता हळूच विचारलं, वर्गात काही अडलं तर विचारतेस ना गं? बराच वेळ काही नाही. मग म्हणाली, जुलैमधे विचारलं होतं एकदा. आठवीपर्यंत हिचं सगळं हिंदीत, जड़त्व, घर्षण, त्वरण, आणि इथे सेक्शन इंग्रजीचं मिळालं. आम्हीच हट्टानं घेतलं होतं ते, पुढे बरं पडेल म्हणून. तर घाईत तिला फ्रिक्शन शब्द आठवेना, ती म्हणाली, "मैम, वो घर्षण जो होता है ना..." आणि मागच्या बाकावरचे दोघंतिघं हसले. बास, एवढंच. मॅडमनी त्यांना दटावलं, उत्तरही दिलं. पण हिनं त्या दिवसापासून प्रश्न मागच्या पानावर लिहायला सुरुवात केली. म्हणाली, "आई, तिथे सगळ्यांना सगळं येतं. मी विचारलं की कळतं मला येत नाही."

घरात मराठी, रस्त्यावर हिंदी, पुस्तक इंग्रजी. आपल्या इंदूरच्या मराठी पोरांना हे नवीन नाही, आम्हीही असेच वाढलो, पण आम्हाला कोणी चौदाव्या वर्षी तिन्ही एकदम एका वाक्यात बसवायला लावले नव्हते. तिला घर्षण येत होतं. पूर्ण येत होतं. फक्त शब्द दुसऱ्या खिशात होता.

मग मला शनिवारचा तो माणूस आठवला. मीटिंगमधे मॅडम सगळ्या पालकांना मेधावी योजनेबद्दल सांगत होत्या, की एमपी बोर्डातून बारावीला 70 टक्के आणले (सीबीएसईला 85 लागतात), जेईई मेनला दीड लाखाच्या आत रँक आली तर सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजची फी सरकार भरतं, घरच्या उत्पन्नाची अट आहे. बारावीला 75 टक्के मिळाले तर लॅपटॉपचे 25,000 वेगळे. आम्ही सगळे माना डोलवत होतो. मला अर्धं कळलं नव्हतं, पण शेजारची मोबाइलमधे लिहून घेत होती म्हणून मी पण लिहिल्यासारखं केलं. तेवढ्यात मागून एक गृहस्थ उभे राहिले, पांढरा गमछा, पायात मातीच्या चपला, बहुतेक पहाटेच्या बसनं आलेले. म्हणाले, "मैडम, मेरे को समझ में नी आया. ये रैंक क्या होती है, नंबर से अलग है क्या?" खोलीत कोणी हसलं नाही. मॅडमनी फळ्यावर लिहून सांगितलं, टक्के वेगळे, रँक वेगळी. त्यांनी परत विचारलं, मॅडमनी परत सांगितलं. खाली बसताना ते शेजारी बसलेल्या आपल्या मुलाला म्हणाले, अब समझा. आणि खरं सांगायचं तर मलाही तेव्हाच समजलं. त्यांनी विचारलं नसतं तर मी तशीच घरी आले असते.

त्या मुलाच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, हे मी आत्ता लिहिताना आठवून बघतेय. तो वडलांकडेच बघत होता. माझी लेक माझ्याकडे बघते तेव्हा तिला काय दिसत असेल? न कळता मान डोलवणारी आई. हे मला फार लागलं.

काल डबा न्यायला बुऱ्हाणपूरचा तो मराठी मुलगा आला, बीएस्सी झालेला, पीएससीची तयारी करतो. त्याला मी फुग्याचं विचारलं. आधी जरा चपापला, काकू आज असं काय विचारून राहिल्या, मग डबा ओट्यावर ठेवून रंगात आला. म्हणाला, बस पुढे जाते तेव्हा आतली हवाही आपल्यासारखीच मागे राहायला बघते, मागच्या बाजूला हवेचा दाब थोडा वाढतो, आणि गॅसचा फुगा हवेपेक्षा हलका, म्हणून ती हवा त्याला पुढे ढकलते. फुग्यालाही इनर्शिया आहे, पण तेवढ्याच जागेतल्या हवेला जास्त आहे. ब्रेक लागला की उलटं, आपण पुढे आणि फुगा मागे. मी त्याला दोनदा सांगायला लावलं. दुसऱ्यांदा कळलं आणि मला इतका आनंद झाला की त्याला दोन पोळ्या जास्त दिल्या.

लेकीला मात्र नाही सांगितलं. ओठांवर आलं होतं, पण गिळलं. रात्री पोळ्या लाटताना फक्त एवढंच म्हणाले की गॅसचा फुगा मीसुद्धा बघितला होता दसऱ्याला, मला तर तो वाऱ्यानं गेला असं वाटलं. ती एकदम म्हणाली, "अगं वारा कुठला, एसी बस, सगळ्या काचा बंद होत्या!" आणि कितीतरी दिवसांनी तो आवाज ऐकला, तो अगं. मी म्हटलं, मग का गेला? म्हणाली, तेच तर. मी म्हटलं, मॅडमना माहीत असेल. ती काही बोलली नाही, पिठाची गोळी करत राहिली.

आज गेटवर मी फक्त पाण्याची बाटली पुढे केली. जीभ दाताखाली धरून उभी होते म्हटलं तरी चालेल. गाडीवर बसल्यावर नवलख्यापर्यंत ती गप्प. मग मागून म्हणाली, उद्या डब्यात साबुदाण्याची खिचडी देशील? मी म्हटलं देते.

आत्ता ती झोपलीये. रजिस्टर टेबलावर आहे, या वेळी मी मुद्दाम बघितलं. अकराव्या प्रश्नापुढे पेन्सिलीनं बरोबरची खूण आहे आणि खाली दोन नवीन प्रश्न, त्यातल्या एकाचं अक्षर तिचं नाही.

साबुदाणा भिजत घातलाय. सकाळी पाचला उठायचंय.