बर्फाच्या वाटेवर पानिपत

आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीत सहल म्हटली की बर्फ, नाहीतर निदान बर्फाची आशा. त्यामुळे "शिमल्याला जाताना एक अख्खा दिवस पानिपतला द्यायचा" असं मी मीटिंगमध्ये म्हटलं, तेव्हा बी विंगच्या काकांनी लगेच विचारलं, "पण तिथे बघायला आहे काय?"

खरं सांगायचं तर फारसं नाही. काला आंब, म्हणजे 1761 च्या लढाईचं स्मारक, ही एक बाग, कुंपणाच्या आत विटांचा स्तंभ आणि आजूबाजूला शेतं. माझ्या मदतीला आलं ते ठाण्याचं जेल. आज तिथे कारागृह असलं तरी मूळचा तो ठाण्याचा किल्ला. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत 1737 साली तो पोर्तुगीजांच्या हातून मराठ्यांकडे आला. पानिपतावर सेनापती असलेले सदाशिवरावभाऊ हे याच चिमाजी अप्पांचे चिरंजीव. एवढं सांगितल्यावर पुढच्या रांगेतल्या काकू म्हणाल्या, "मग जायलाच हवं." काकूंचं मत सोसायटीत दोन मतांएवढं असतं, ठराव पास झाला.

टूर कंपन्यांकडे चौकशी केली. एकीच्या कार्यक्रमात 'पानिपत दर्शन' छापलेलं होतं. खोदून विचारलं तेव्हा कळलं की ते दर्शन हायवेवरून, जेवणाच्या सुट्टीत. मग सगळं आपणच करायचं ठरलं: कल्याणहून दिल्लीपर्यंत राजधानी, पुढे भाड्याची बस.

तिकिटांचं सांगतो, कारण ग्रुप न्यायचा तर खरी कसरत तिथेच आहे. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि एका तिकिटावर सहाच नावं चढतात. सगळ्यांना वाटतं सहा-सहाचे गट पाडले की झालं. पण ज्येष्ठांसाठी खालच्या बर्थचा जो कोटा असतो, तो एकट्याचं किंवा दोघांचंच तिकीट असेल तर लागतो. म्हणून गुडघे दुखणाऱ्यांची तिकिटं जोडीजोडीने काढली आणि तरुण मंडळींना सहा-सहात कोंबलं. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत 2020 पासून बंद आहे, हे मात्र मला दारोदार जाऊन समजावावं लागलं. दोन घरी अजूनही वाटतं की ती मीच खाल्ली.

पैसे गोळा करताना "विश्वास ठेव, देतो" म्हणणाऱ्या प्रत्येकाला आमचे खजिनदार एकच उत्तर द्यायचे: "विश्वास पानिपतात गेला, तुम्ही जीपे करा." चाललं ते.

दसरा झाल्यावर निघालो. दिल्ली ते पानिपत साधारण 90 किलोमीटर. वाटेत मुरथलला लोण्याचे गोळे घातलेले पराठे झाले आणि बस पुन्हा रस्त्याला लागल्यावर मी माईक घेतला. तलवारी, पराक्रम हे सगळं शाळेत होऊन गेलेलं असतं, म्हणून मी सुरुवात धान्यापासून केली. ऑक्टोबर 1760 मध्ये मराठ्यांनी दिल्लीच्या उत्तरेला कुंजपुरा घेतलं. तेवढ्यात अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून त्यांच्या आणि दिल्लीच्या मध्ये येऊन बसला. त्यानंतर दोन महिन्यांहून जास्त काळ दोन्ही छावण्या समोरासमोर. आपल्या छावणीत सैन्याबरोबर बायकामुलं, यात्रेकरू, बाजारबुणगे. अब्दालीची रसद तोडणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले आणि इकडे खायचे वांधे झाले. पराठ्यांनी जड झालेल्या बसमध्ये उपासमारीची गोष्ट सांगताना मलाच जरा कसंतरी झालं, पण मागच्या सीटवरचे पत्ते बंद झाले होते.

काला आंबला पोचलो तेव्हा पलीकडच्या शेतात भाताची कापणी चालू होती. यंत्राची घरघर, धुळीचा लोट, कुंपणाला टेकवलेली एक सायकल. डी विंगमधल्या दहावीतल्या मुलीने विचारलं, "इतके दिवस उपाशी राहण्यापेक्षा ते सरळ दिल्लीला परत का नाही गेले?" मी तिला आमची बस आली तो रस्ता दाखवला. दिल्ली त्या बाजूला, दक्षिणेला, आणि तीच वाट अडलेली. यमुना पूर्वेला. 14 जानेवारी 1761 ला सकाळी मराठे निघाले ते ही कोंडी फोडायला. दुपारी विश्वासराव पडले, तेव्हा त्यांना विशीही लागली नव्हती. मग लोक स्तंभ सोडून कुंपणाबाहेर आले, दिशा विचारू लागले, गारद्यांच्या तोफा कुठे, होळकर कुठे. माझ्याकडे सगळ्याची उत्तरं नव्हती.

तिथे भेटलेल्या एका शेतकऱ्याने आपण रोड असल्याचं सांगितलं. युद्धानंतर इकडेच राहिलेल्या मराठ्यांचे आपण वंशज, असं रोड समाजातले लोक मानतात. "हम भी मराठा हैं जी," म्हणाला आणि सगळ्यांना चहाला चला म्हणून हटून बसला. बावीस जणांना! काकूंनी त्याला मोठ्या मुश्किलीने थोपवलं आणि सोबतच्या डब्यातल्या चकल्या दिल्या.

बी विंगच्या काकांचं मत काही बदललं नाही. "बाग ठाण्यातपण आहे," म्हणाले.

गावात इब्राहिम लोदीची कबर पाहिली, 1526 च्या पहिल्या लढाईतला तो. मग बायकांनी चादरी, सतरंज्या आणि पचरंगा लोणचं यांच्यावर जी चाल केली तिच्यापुढे कोणाचं काही चाललं नसतं. कालक्याला टॉय ट्रेनमध्ये बसताना हे सगळं बोचकं बसमधूनच पुढे पाठवलं. तुम्हीही तसंच करा, त्या छोट्या डब्यात मोठ्या बॅगा मावत नाहीत. 1903 साली सुरू झालेला हा 96 किलोमीटरचा मार्ग शंभराहून जास्त बोगद्यांतून वर चढतो. बडोगचा बोगदा तर एक किलोमीटरहून लांब. अंधारात आमच्या पोरांनी "हर हर महादेव" केलं आणि शेजारच्या बंगाली कुटुंबाने घाबरून खिडकी लावली.

शिमल्याला गर्दी, नारकंड्याला थंडी, बर्फ कुठेच नाही. ऑक्टोबरात तो नसतो हे मी आधी सांगितलं होतं, ऐकतो कोण. ठाणेदार गावात मात्र सगळे खूश, एक तर नावामुळे आणि दुसरं सफरचंदांमुळे. शंभरएक वर्षांपूर्वी स्टोक्स नावाच्या अमेरिकनाने इथे अमेरिकेतली जात लावली आणि हा डोंगरच सफरचंदाचा झाला. हंगाम सरत आला होता, तरी एका बागेत झाडावरून तोडू दिली.

हिशेब झाला, थोडे पैसे उरले. ते परत वाटायचे की पुढच्या वर्षीच्या बसला ठेवायचे, यावर मीटिंग लागली आहे. बी विंगच्या काकांनी अजेंड्यावर काश्मीर टाकलंय.