किमोच्या खुर्चीत व्हीआर: माझा अनुभव

ब्रेस्ट कॅन्सर निघाल्यावर मला ऑपरेशनपेक्षा किमोची धास्ती जास्त होती आणि त्यातही औषधापेक्षा सुईची. किमोच्या लाल औषधाच्या फेऱ्यांनी हाताच्या शिरा इतक्या कडक झाल्या की सिस्टर टपल्या मारत शीर शोधायला लागली की माझ्या पोटात गोळाच यायचा. पुढे पुढे तर दादरला उतरून टॅक्सीत बसलं की तिथेच मळमळायला लागायचं, किमो अजून लागलेली पण नसायची!

आमच्या हॉस्पिटलच्या डे-केअरमधली (किमो देऊन त्याच दिवशी घरी सोडतात तो विभाग) काउन्सेलर मुलगी म्हणाली, काकू, व्हीआर लावून बघता का? म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवायचा आणि आपण दुसऱ्याच जागी आहोत असं चहूबाजूंनी दिसतं. मला वाटलं पोरांचा गेम असेल. तिने आधी फिट्स, चक्कर, कानाचा त्रास वगैरे सगळं विचारून घेतलं, मग हेडसेट पुसून, चेहऱ्याला टेकतो तिथे नवीन कव्हर घालून दिला. जड असतो हो, अर्ध्या किलोच्या आसपास, आणि माझ्या डोक्यावर केस नाहीत त्यामुळे पट्टा सारखा घसरायचा, शेवटी खाली सुती टोपी घातली तेव्हा कुठे नीट बसला.

पहिल्यांदा होडीतून फिरायचं लावलं. होडी चाललीय आणि मी खुर्चीत, असं काही ढवळलं की म्हटलं काढ बाई आधी. डोळ्यांना हलतंय असं दिसतं आणि कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो आपण जागेवरच आहोत, म्हणून मळमळतं असं तिने सांगितलं. मग तिने एका जागी बसायचं दृश्य लावलं. तळ्याचा काठ, समोर एक निळसर गोळा, तो फुगला की श्वास घ्यायचा, आक्रसला की सोडायचा. मान वळवली की मागची झाडं पण दिसतात. सूचना इंग्रजीत, झाडं परदेशातली, मला खरं तर आपलं कोकण हवं होतं पण असो.

मग आमचं ठरलं की सुईच्या आधीच हेडसेट चढवायचा आणि सिस्टरने हात धरायच्या आधी आवाज द्यायचा, कारण बाहेरचं काही दिसत नाही, अचानक कोणी हात लावला तर उलट जास्त दचकायला होतं. सुई दुखली, दुखतेच, पण ती टोचायच्या आधीची जी वाट बघणं असते ना, आवंढे गिळत, ती गेली.

पॅक्लिटॅक्सेल हे किमोचं दुसरं औषध तीन तास चालायचं पण एवढा वेळ कोण लावून बसणार, वीसेक मिनिटं बास, पुढे ॲलर्जी होऊ नये म्हणून दिलेल्या एव्हिलने झोप लागतेच. काढल्यावर वाटायचं आत्ताच तर लावलं होतं. अमेरिकेत २००० नंतर किमो घेणाऱ्या बायकांवर अभ्यास झाले त्यातही त्यांना वेळ कमी वाटला होता म्हणे, म्हणजे माझ्याच मनाचे खेळ नव्हते. घरी गेल्यावरच्या थकव्यावर मात्र काडीचा फरक नाही. आणि स्कॅनचा रिपोर्ट यायच्या आदल्या रात्री तर असलं काही चालत नाही, तेव्हा ह्यांच्याशी बोलत बसणं हाच उपाय.

ह्यांनी हौसेने मोबाईल घालायचा स्वस्त डबा पण मागवला होता, मान वळवली की चित्र मागून येतं, डोकंच दुखलं, आता तो भाच्याकडे असतो. कोणाला करून बघायचं असेल तर डे-केअरमधे सरळ विचारा, सगळीकडे नसतं. आणि लावलेलं असताना सुईपाशी जळजळलं, छातीत जड वाटलं किंवा धाप लागली तर तळं-बिळं राहू दे, लगेच काढून सिस्टरला हाक मारायची.